सुट्टीतील पंगत : साताऱ्याहून सांगलीस

सुट्टी आणि खाणे यांचे आपल्याकडे इतके जुने सख्य आहे की, एकाचे नाव काढताच दुसरे आपोआप जिभेवर येते. मुलांच्या परीक्षा संपल्या, कचेऱ्या बंद झाल्या, लेकी माहेरी आल्या, म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो "काय काय करावयाचे?" हा, आणि या करण्याचा अर्थ चुलीपाशीच लागतो. प्रवासाचेही तसेच. परगावाहून परत आलेल्या मनुष्यास आपण तेथील देवळाविषयी एकदा विचारतो आणि तेथील जेवणाविषयी तीनदा. असे असूनही आपल्या प्रवासवर्णनांत किल्ले, घाट आणि सूर्यास्त यांची रेलचेल असते आणि पानात काय पडले व ते पचले की नाही, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ही उणीव थोडी भरून काढावी, या हेतूने गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील सातारा व सांगली येथील आमच्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही एकंदर ११ माणसे पुण्याहून निघालो. सर्वांत धाकटे मूल ९ वर्षांचे आणि सर्वांत वडील आमच्या मातोश्री, वय वर्षे ७४. निघण्यापूर्वी महिनाभर घरातील वडील मंडळींच्या रक्ताची तपासणी झाली होती. तीत आमच्या थोरल्या बंधूंची साखर मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर निघाली. ही गोष्ट आमच्या घरापुरती असती, तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा ज्या घरात १०-११ माणसे एका स्वयंपाकावर जेवतात, त्या घरात यांपैकी एखाददुसरा असावयाचाच.

थोरल्या वहिनींनी निघताना एकच नियम घातला. कोणासही कोणताही पदार्थ बंद नाही. मात्र जे खाल्ले जाईल ते रात्री वहीत टिपले जाईल. पथ्याचे नाव काढले की माणसाची भूक दुप्पट होते, हे त्या जाणून होत्या. वही ठेवल्यावर मात्र मनुष्य स्वतःच स्वतःचा हिशेबनीस होतो.

खंबाटकीचा घाट ओलांडला की साताऱ्याचा मुलूख लागतो. हवा कोरडी आणि स्वच्छ; दिवाळीत तर सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली येथे झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे शहर वाढत गेले. आज बाहेरच्या मनुष्यास सातारा आठवतो तो मात्र पुष्कळदा कंदी पेढ्यामुळे. खवा मंद आचेवर खमंग, तांबूस होईपर्यंत भाजून केलेला हा पेढा प्रवासात चांगला टिकतो. म्हणूनच साताऱ्याहून परतणारा मनुष्य दहा घरांसाठी दहा पुडे घेऊन निघतो. आमच्या वहिनींनी पाव किलो पेढे घेतले आणि रात्री जेवणानंतर प्रत्येकास एक याप्रमाणे वाटले. तो एक पेढा मुलांनी असा काही चघळून चघळून खाल्ला की, एरवी चार पेढे पोटात गेले असते तरी इतका स्वाद कळला नसता. इष्टमित्रांस देण्यासाठी आम्ही घेतला तो कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवडा. अंगावर लालसर पट्टे असलेल्या या घेवड्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रात्री भिजत घालावा, सकाळी शिजवून आले-खोबऱ्याची उसळ करावी; प्रथिनांचा व चोथ्याचा असा स्वस्त आणि रुचकर साठा दुसरा क्वचितच मिळेल. पेढ्याचा पुडा ज्या घरी देतो त्या घरी घेवड्याची पिशवी दिली, तर देणाऱ्याची आठवण काही कमी काळ राहात नाही.

साताऱ्यास आमचा मुक्काम चुलत काकांकडे होता. काकूंचा हात सढळ आणि फराळ सात जातींचा : बेसनाचे व रव्याचे लाडू, करंज्या, चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा. चहाबरोबर फराळाचे ताट येई, त्यानंतर दोन तासांनी साग्रसंगीत जेवण आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा तेच ताट. दुसऱ्या दिवशी थोरल्या बंधूंनी दुसरा लाडू नको म्हटले, तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. "आमच्या घरचे आवडत नाही वाटते आता," एवढेच त्या बोलल्या. पण ते वाक्य दिवसभर घरात रेंगाळत राहिले. आपल्या कुटुंबांत नको म्हणणे हे किती कठीण आहे, हे ज्याने असा प्रसंग पाहिला त्यासच कळेल. लाडवास नकार दिला म्हणजे वाढणारीच्या मायेस नकार दिला, असा त्याचा अर्थ होतो.

त्या रात्री वहिनींनी काकूंनाच जवळ बसवून घेऊन वहीत हिशेब मांडला. काकूंचे प्रमाण असे होते : अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम साखर, लाडू झाले ४०. तुपाच्या प्रत्येक ग्रॅमात ९ उष्मांक, साखरेच्या ग्रॅमात ४ आणि बेसनाच्या ग्रॅमात सुमारे ३.९. म्हणजे बेसनाचे १,९५०, तुपाचे २,२५० आणि साखरेचे १,६००, असे एकंदर सुमारे ५,८०० उष्मांक. प्रत्येक लाडवात १४५. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण १७५ उष्मांक असतात. तेव्हा तीन लाडू म्हणजे जवळजवळ अडीच भाकऱ्या, आणि त्याही जेवणाव्यतिरिक्त. साखरेचे पाहिले तर एका लाडवात १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एकदशांशाहून कमी असावी आणि शक्य तर त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमांवर आणावी. दोन लाडू आणि दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा घेतले की ती मर्यादा केव्हाच मागे पडते.

काकू हिशेबास पक्क्या आहेत. त्यांनी थोडा वेळ वहीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मग याच साहित्यात साठ लाडू वळले तर?" एका वाक्यात त्यांनी प्रश्न सोडविला. साठ लाडू वळले तर प्रत्येकात उष्मांक शंभराच्या आत आणि साखर सात ग्रॅमांहून कमी. चव तीच, आणि पाहुण्याच्या हातावर लाडू ठेवल्याचे समाधानही तेच. आमच्या मते फराळाची सुधारणा करावयाची तर तिचा आरंभ येथूनच करावा.

पहाटे आम्ही अजिंक्यताऱ्यावर चढून गेलो. वरून शहर, भोवतालच्या डोंगरांच्या रांगा आणि समोर यवतेश्वराचा डोंगर असा देखावा दिसतो. तासभर पायी चालण्याने साधारण २०० ते २५० उष्मांक खर्च होतात, म्हणजे काकूंचे दीड लाडू! "मग आज दोन खाल्ले तरी चालतील," असे धाकट्यांनी लगेच गणित केले. मुलांच्या बाबतीत ते ठीकच आहे, कारण ती दिवसभर धावतात. प्रौढांनी मात्र हे गणित उलट वाचावे. खाण्यास दोन मिनिटे पुरतात, खर्च करण्यास तास लागतो. तेव्हा केवळ चालण्याच्या भरवशावर खाणे सोडून देणे शहाणपणाचे नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सज्जनगडास गेलो. साताऱ्यापासून हे स्थान सुमारे १५ किलोमीटर. समर्थ रामदासांनी आपले शेवटचे दिवस येथे घालविले आणि १६८२ साली येथेच देह ठेवला. पायऱ्या चढून वर गेले की वारा असा सुटतो की बोलणे ऐकू येत नाही. दर्शनानंतर दुपारी प्रसादाच्या पंगतीस बसलो. आमच्या पानात त्या दिवशी आमटी-भात, गव्हाची खीर आणि ताक एवढेच होते. तळलेला पदार्थ नाही, चार जातींची पक्वान्ने नाहीत. गोड एकच आणि तेही गव्हाचे. वाढणारे येत, विचारीत आणि हवे तेवढेच वाढून पुढे जात. आग्रह नाही, तशी उणीवही नाही. मातोश्री पोटभर जेवल्या आणि संध्याकाळी गड उतरताना त्यांना नेहमीचा जडपणा वाटला नाही. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "देवाच्या दारी जे पुरते, ते आपल्या दारी का पुरू नये?" या प्रश्नास आम्हांपैकी कोणापाशी उत्तर नव्हते.

साताऱ्यात आणखी एका पंगतीची आठवण काढल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीस बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटास अन्न मिळावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट साताऱ्यात आजही आदराने सांगितली जाते.

आपल्या भाषेत 'हलके' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पचावयास सोपे ते हलके आणि कमी प्रतीचे तेही हलके. हे दोन अर्थ आपल्या मनात इतके मिसळून गेले आहेत की, पाहुण्यास भाकरी-उसळ वाढली तर आपण त्यास हलके लेखले, असे यजमानास वाटते आणि पाहुण्यासही वाटते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुरणावरणाच्या पंगती उठल्या, त्या घरांना तर हा संशय अधिकच. पण ज्या मुलांनी स्वतः राबून मिळविलेली भाकरी एका पंगतीस बसून खाल्ली आणि पुढे विद्या मिळविली, त्यांच्या अन्नास कमी प्रतीचे कोण म्हणेल? आपण आज वैद्याच्या सल्ल्याने साधे खाऊ लागलो आहोत. त्याचा गर्व नको आणि लाजही नको.

साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर या वाटेने आम्ही औंधास गेलो. डोंगरावर यमाईचे देऊळ आणि वाटेत श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. हे संग्रहालय उभे करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार होते. पण आरोग्याच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते सूर्यनमस्कारांमुळे. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी हा व्यायाम चालू केला, स्वतः उतारवयापर्यंत नेमाने केला आणि त्यावर ग्रंथ लिहिले. १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. ज्या राजास मेजवान्यांची वाण नव्हती, त्याने सकाळी उठून प्रजेच्या मुलांबरोबर नमस्कार घालावे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखे आहे. औंधास दुपारी एका साध्या खाणावळीत आम्हांस ज्वारीची भाकरी, पिठले, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक मिळाले. ११ माणसे तृप्त झाली आणि वहिनींच्या वहीत त्या दिवशी तळणाच्या रकान्यात शून्य पडले.

पुढे रेल्वेच्या वाटेवर किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या माळावर कारखाना व वसाहत वसविली, तेव्हा हा भाग औंध संस्थानातच होता. नांगर आणि यंत्रे यांबरोबर येथून निघालेल्या 'किर्लोस्कर' (१९२०), 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) या मासिकांनी मराठी मध्यमवर्गास कसे राहावे, कसे विचार करावे हे अनेक वर्षे शिकविले. जवळच कुंडल गाव आहे. 'रुचिरा'च्या लेखिका कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ साली येथला. शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झालेल्या या बाईंचे पुस्तक १९७० साली निघाले आणि मराठी घरांत लेकीच्या रुखवतात जाऊन बसले. त्या पुस्तकाचा खरा गुण आम्हांस असा वाटतो की, त्यात 'अंदाजाने' या शब्दाची सत्ता संपून वाटी आणि चमचा यांचे राज्य आले. आता हलका स्वयंपाक करावयाचा तर मापावाचून गती नाही. तेलाची बुधली उलटी करून फोडणी देणारीने आपण किती तेल घातले, हे सांगूच नये. तिचे तिलाही ठाऊक नसते.

सांगलीस आम्ही संध्याकाळी पोहोचलो. कृष्णेच्या काठचे हे शहर म्हणजे पटवर्धनांचे संस्थान. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, ते येथेच. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही मामांच्या घरी गेलो. मामांचे वय ७२. गेली १६ वर्षे त्यांना मधुमेह आहे. मागील दिवाळीत त्यांच्या पायास साधी वहाण लागली; ती जखम भरून आली नाही आणि पौषात पायाचे एक बोट कापावे लागले. मामांनी ही हकीकत अगदी शांतपणे सांगितली. मामी मात्र मध्येच उठून आत गेल्या.

नंतर मामींनी जे सांगितले, ते प्रत्येक एकत्र कुटुंबाने ऐकण्यासारखे आहे. मामा घरी पथ्याने राहात. परंतु दिवाळीत फराळास बोलावण्याची आपली रीत. आठ दिवसांत बारा घरी जाणे झाले. प्रत्येक घरी "एवढ्याने काय होते?" म्हणून एक लाडू, अर्धी करंजी, चार शंकरपाळे. यजमानाच्या दृष्टीने ते खरोखरच एवढेसे असते. बारा घरांचे मिळून मात्र ते एवढेसे राहात नाही. "कोणी वाईट हेतूने दिले नाही, आणि यांनी लोभाने खाल्ले नाही," मामी म्हणाल्या, "दोघांनाही नाही म्हणता आले नाही, एवढेच."

या वर्षी त्यांनी निराळी युक्ती केली. वसुबारसेच्या आधीच त्यांनी सर्व घरी निरोप पाठविला की, आम्ही येऊ, पण पानात फक्त ताक आणि मूठभर भडंग असावे. भडंग ही सांगलीची खास वस्तू. कुरकुरीत चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट; सारे फोडणीत परतून घ्यावयाचे. यास कढईभर तेल लागत नाही. चार-पाच चमचे तेलात मोठे पातेले भरते. चुरमुरेही धान्याचेच, तेव्हा मधुमेह्याने तेही मुठीनेच मोजावे, आणि मीठ बेताचे घालावे. बारापैकी दहा घरांनी निरोप मानला. उरलेल्या दोन घरी लाडू आलाच, तेव्हा मामी सरळ म्हणाल्या, "अहो, तो मला द्या," आणि पदराआडच्या डब्यात ठेवून घरी आणला. मामींच्या या धीटपणाचे आम्हांस फार कौतुक वाटले. पन्नास वर्षे दुसऱ्यांस आग्रह करण्यात गेलेल्या बाईने आग्रहासच अडवावे, हे सोपे काम नाही.

मामांच्या घरी आता एक ठराव आहे : आग्रह एकदाच. पहिल्यांदा विचारावे, कारण ती माया आहे. दुसऱ्यांदा विचारू नये, कारण ती सक्ती होते. आमच्या समक्ष जेवणात खपली गव्हाची खीर झाली होती. कृष्णाकाठी हा गहू पूर्वीपासून पिकतो. चोथ्याने भरलेला आणि चवीस गोडसर. मामांच्या वाट्यास लहान वाटीभर खीर आली आणि त्या दिवशी त्यांचा भात कमी झाला. खपली चांगली म्हणून ती कितीही खावी, असे नाही, तोही गहूच. त्याचप्रमाणे गुळाचीही गोष्ट. हा उसाचा मुलूख असल्याने साखरेपेक्षा गूळ निर्दोष, अशी येथील पुष्कळांची समजूत आहे. गुळास चव आणि रंग अधिक असेल. रक्तात गेल्यावर ती साखरच. तासगावकडील बेदाण्यास २०१६ साली मानांकन मिळाले, ते योग्यच आहे. पण सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे ध्यानात ठेवून मूठ उघडावी.

संध्याकाळी दुसऱ्या चहाच्या वेळी मामा आम्हांस हरिपूरच्या वाटेने फिरावयास घेऊन गेले. कृष्णा-वारणेचा संगम आणि त्यावर संगमेश्वराचे देऊळ. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ साली या गावी झाला. हरिपूरच्या मातीत पूर्वी हळदीची पेवे असत. अरुंद तोंडाची, आत रुंद होत जाणारी ही भूमिगत कोठारे. त्यांत हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिके. २००५ सालच्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि आता हळद बहुतेक गोदामांतून व शीतगृहांतून राहते. सांगलीच्या हळदीस २०१८ साली मानांकन मिळाले. पेवांची हकीकत सांगून मामा हसून म्हणाले, "पेवात घातलेल्या हळदीस कधीतरी भाव येतो. पोटात साठविलेल्या तुपास कधी भाव आल्याचे मी ऐकले नाही." नऊ बोटांच्या पायाने हळूहळू चालणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थाच्या तोंडून हा विनोद ऐकून आम्ही हसलो खरे, पण तो विसरलो नाही.

पुण्यास परतल्यावर घरातील बायका-पुरुषांनी एकत्र बसून वही वाचली आणि काही गोष्टी ठरविल्या. त्यांचा उपयोग इतर कुटुंबांस होईल, म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट, पानाची डावी बाजू वाढवावी. आपल्या पूर्वजांनी डाव्या बाजूस लिंबू, चटणी व कोशिंबीर ठेवली. पण आपण कोशिंबीर चमचाभर वाढतो आणि बटाट्याची भाजी वाटीभर. हे उलट करावे. काकडी, मुळा, गाजर, कोबी यांची वाटीभर कोशिंबीर पानात पडली म्हणजे पोळी आपोआप एक कमी लागते.

दुसरी, महिन्याचे तेल महिन्याच्या आरंभी मोजून काढावे. माणशी रोज २५ ग्रॅम धरले, तर ११ माणसांस महिन्यास सव्वाआठ किलो होते. यातच फोडणी आणि यातच सणाचे तळण बसवावे. तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. वारंवार तापविलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये वाढतात, आणि म्हणूनच २०१८ पासून खाद्यपदार्थांच्या व्यवसायात अशा तेलावर कायद्याने मर्यादा घातली आहे. घरच्या कढईवर कायद्याची नजर नाही, तेव्हा ती गृहिणीने ठेवावी.

तिसरी, फराळाच्या सात जातींऐवजी तीन कराव्या : एक गोड, लहान आकाराचे, एक तळलेले, एक भाजून फोडणी दिलेले, जसे पातळ पोह्यांचा चिवडा अथवा भडंग. यात प्रकृतीचा लाभ आहेच, पण त्याहून मोठा लाभ घरातील स्त्रियांचा. दिवाळीपूर्वीचे आठ दिवस ज्या कढईपुढे घाम गाळतात आणि सण आला म्हणजे थकून जातात, त्यांना सुट्टी केव्हा मिळावयाची, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. हलक्या स्वयंपाकाने पोटाइतकाच त्यांचा दिवसही हलका होतो.

चौथी, मधुमेह्यासाठी निराळे ताट मांडू नये. एकट्याच्या पानात कारले आणि इतरांच्या पानात श्रीखंड, ही व्यवस्था चार दिवस टिकते. सर्व घराने थोडे साधे खावे, म्हणजे एकट्यास शिक्षा होत नाही. मात्र औषध चालू असलेल्याने उपास किंवा जेवणाच्या वेळांत बदल वैद्यास विचारूनच करावा. आपल्याकडे उपासही जपूनच करावा लागतो. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे तुपातल्या साबुदाण्याच्या खिचडीस पाहूनच कोणी म्हटले असावे.

काही वडील मंडळींचा आक्षेप असा की, आमच्या आज्या-पणज्यांनी तूप-लोणी खाऊन शंभरी गाठली, मग आताच हे काय? त्यास उत्तर सोपे आहे. त्या काळी लाडू वर्षातून एकदा वळला जाई. उरलेले अकरा महिने ज्वारी, डाळ, ताक आणि अंगमेहनत होती. दिवाळीचा भार उचलावयास वर्षाचे साधेपण उभे होते. आज लाडू, चकली, पेढा बारा महिने दुकानात मिळतात. पाणी डोक्यावरून आणावे लागत नाही आणि दळण हाताने दळावे लागत नाही. सण जसाच्या तसा राहिला, आधार मात्र निघून गेला. तेव्हा सणास दोष देण्यापेक्षा वर्षाचे ते साधेपण परत आणणे, हाच खरा उपाय. पौषात भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि मुगाच्या डाळीची खिचडी करण्याची आपली रीत आहे; सणाचे पान रुचकर आणि साधे, दोन्ही असू शकते, याचा पुरावा आपल्याच पंचांगात आहे.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी साताऱ्याहून काकूंचा फोन आला. तुळशीच्या लग्नास त्यांनी साठ लाडू वळले होते आणि आलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही ते लहान झाल्याची तक्रार केली नव्हती. उलट एकीने कृती विचारली. आमच्या वाचकभगिनींनी येत्या सणास हा प्रयोग करून पाहावा. आणि पाहुण्याने दुसऱ्यांदा नको म्हटले, म्हणजे ताट पुढे न सरकवता ताकाचे भांडे पुढे करावे.